करमणूक, खाटेनुसार

४ नोव्हेंबर १९७४, सोमवार.
हर्नियासाठी ॲडमिट झालो. ऑपरेशन गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. मी घाबरलेलो नाही. हात गार पडलेत ते पंख्यामुळे.
वॉर्डातले पेशंट मात्र भलतेच भित्रे. संकल्प: प्रत्येक खाटेला ज्याच्या-त्याच्या आवडीची करमणूक. अठरा वर्षं जकात नाक्यावर कारकून आहे. माणूस बघताच ओळखतो. वच्छलाला भेटायला यायची बंदी केली. बायको रडली तर पेशंट खचतील.

५ नोव्हेंबर.
खाट तीन: सिद्धनाथ, सांगोल्याचा मेंढपाळ, पाय मोडलेला. सात विनोद सांगितले. म्हणाला, आता जरा पडू द्या की.
खाट पाच: मडिवाळप्पा, अक्कलकोटकडचे. कानडी भजन म्हटलं. कानडी येत नाही, पण भाव महत्त्वाचा. त्यांनी तोंडावर चादर ओढली. बहुधा समाधी.

६ नोव्हेंबर, दुपारी.
यश! खाट सात, रामहरी. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो. परवा अपेंडिक्स काढलं. म्हणाला, हितं लई शांत हाय, झोपच येत न्हाय. ताटलीवर चमच्यानं मागाची खटकखटक धरली. पाच मिनिटांत घोरायला लागला.

सायंकाळी.
हात भरून आला म्हणून क्षणभर थांबलो. आवाज थांबला की मागवाला दचकून उठतो, हे मला कोण सांगणार? सूत तुटलं समजून रामहरी झोपेतच धावला. टाके उसवले. रक्त बघून मी मटकन खाली बसलो. तशी बसायची वेळ झालीच होती.
सिस्टरनी चमचा जप्त केला. रामहरीला तात्पुरती पट्टी बांधली. उद्या आधी त्याचे टाके, मग मी.

७ नोव्हेंबर, सकाळी.
रामहरी आत ओरडतोय. भीती वाटते. लिहूनच टाकतो, फार भीती वाटते. स्ट्रेचर येतंय. पाय मोकळे करून येतो.

८ नोव्हेंबर. घरी, भवानी पेठ.
वच्छलाला सांगितलं, नवी पद्धत आहे, त्याच दिवशी सोडतात. टाके बघू म्हणाली. म्हटलं, हवा लागली की चिघळतात. तिनं गल्लीभर पेढे वाटले.
पेढा खाऊन शेजारचे शरणप्पा बायकोला घेऊन आले. दोन वर्षं हर्निया अंगावर काढतायत, भीतीपायी. विचारलं, लई दुखतंय काय? म्हटलं, मुंगी चावते एवढंच. गौरम्मावहिनी रडल्या. म्हणाल्या, तुमच्यामुळं हे तयार झाले, सोमवारी भरती करते. शरणप्पांनी माझा हात धरला. ऑपरेशनला तुमी खाटेशी बसा, तुमी असल्यावर मला कसलं भ्याव.
हो म्हटलं. ते गेल्यावर दाराला आतून कडी घातली.