निळ्या टोपणाची नळी

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस, तेही वीज तोडायच्या नोटिशीसारखं. माझा गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

भिंगरीला आता वाचता येत नाही आणि ती म्हणते, "मावशीला विचार, माझ्या डोक्यात रक्त गोठतंय का?" असं तू लिहिलंस. तसं गोठत नाही म्हणावं. जे होतं ते विचारायला मी तिच्या डॉक्टरला गाठलं. पोरगेलासा आहे. "आजी, सोपं करून सांगतो," म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, रक्त किती सेकंदांत गोठतं हे मी चौतीस वर्षं लॅबमध्ये मोजलंय. अवघडच करून सांग."

गुठळी बांधणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, हे माझं रोजचं गिऱ्हाईक. मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाझरू लागल्या की ते बाहेर पडतं आणि तिथे त्याचे धागे होतात. मेंदूतल्या राखणदार पेशी त्या धाग्यांनी बिथरतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण ओरबाडतात. ते आवरण पुन्हा चढवणाऱ्या पेशींनाही हे धागे काम करू देत नाहीत. बोट कापल्यावर जे आपल्याला वाचवतं, तेच तिथे पोरीच्या मुळावर उठतं. "मग औषध?" "त्या धाग्यांवर संशोधन चालू आहे, आजी." चालू आहे! इथे पोरगी चालायची थांबली.

पायाला मुंग्या येतात म्हणत ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी म्हटलं होतं, "मोबाईल खाली ठेव, जातील." तू फारच मागे लागलीस म्हणून रक्त घेतलं. सगळं नॉर्मल, असा रिपोर्ट दिला. ताईनं सांगितलंय म्हटल्यावर तू कुठेच दाखवलं नाहीस. चौदा महिने. मग तिचा एक डोळा गेला. दवाखान्याच्या जिन्यात तू माझ्यावर ओरडलीस आणि मी म्हटलं, "माझा कागद बरोबर होता." तेव्हापासून आपण बोललो नाही.

डॉक्टर म्हणाला, तुमच्या त्या तपासणीत हे दिसलंच नसतं. या एका वाक्याची मी दोन वर्षं वाट पाहत होते. ऐकून घरी आले आणि चपला न काढता पलंगावर बसून राहिले.

धाकटे, तिच्या रक्ताची नळी मी तपासलीच नव्हती. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं; तिरकी केली तर आत गुठळी. अशी नळी फेकायची आणि रक्त पुन्हा घ्यायचं, हा नियम. तो मोडणाऱ्या नर्सना मी रडवलंय. पण भिंगरी म्हणाली, "मावशी, परत सुई नको ना गं." मी नळी फेकली. काही नसणारच, असं वाटलं. फॉर्मवर नॉर्मलमध्ये बसतील असे तीन आकडे लिहिले, शाळेतल्या सिस्टरनी छड्या मारून घडवलेल्या त्या सुंदर अक्षरात. तू आकडे वाचले नव्हतेस. खालची सही पाहिलीस आणि कागद घडी करून ठेवलास.

'ये' असं तू लिहिलेलं नाहीस. मी येत नाही.

पण हे पत्र तिला तूच वाचून दाखवणार आहेस. नळीचा भाग गाळू नकोस. ती म्हणेल, "जाऊ दे गं, आई." तिला तसं म्हणू देऊ नकोस.

न तपासता सही करणारी,
तुझी ताई