दोनदा बदललेला स्टेथोस्कोप

ती. मामांस,

तुमच्या भाचीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन असल्यामुळे तो अर्धाच जोडला गेला आहे, मनाने पूर्ण समजावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामीची सर्दी गेली का, आणि मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होऊनही तुम्ही शेजारच्या मुलांना गॅलरीतून ओळीत उभं करता हे खरं का, ते कळवावे. इकडे सगळे खुशाल आहेत. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मधले काही दिवस आम्ही मुळीच खुशाल नव्हतो आणि त्याला कारण मी, म्हणजे माझा स्टेथोस्कोप. आईने तुम्हाला काहीबाही कळवलं असेलच, पण आईने सांगितलेली हकीकत आणि घडलेली हकीकत या फार तर चुलत बहिणी असतात, म्हणून मुळापासून लिहिते.

कॉलेज सुरू झालं आणि लगेच फर्मान निघालं की प्रॅक्टिकलला येताना प्रत्येकाने स्वतःचा स्टेथोस्कोप आणायचा. मी एकटीच जाऊन घेऊन येणार होते. पण आपल्या घरात रुमाल घ्यायलासुद्धा शिष्टमंडळ जातं, इथे तर घराण्यातल्या पहिल्या डॉक्टरचं पहिलं हत्यार घ्यायचं होतं. तेव्हा बाबा, आई आणि आत्या असे तिघे माझ्यासोबत बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून निघाले. (तीच ती, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. आई चालवत होती आणि बाबा शेजारी बसून तिच्याआधी ब्रेक दाबत होते, त्यामुळे आम्ही दुकानापर्यंत नमस्कार घालत घालतच पोचलो.) वाटेत बाबांनी सांगितलं की कुठलंही यंत्र घेताना आधी आवाज ऐकावा. आत्या म्हणाली की कानात घालायच्या वस्तूबद्दल या घरात तिच्याशिवाय कोणी बोलू नये. आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडफोन लावून सारी नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहेच. ती निवृत्त झाली, पण हेडफोन मनाने अजून उतरलेला नाही.

सर्जिकल वस्तूंचं दुकान म्हणजे काय प्रकार असतो हे मला त्या दिवशी कळलं. डाव्या हाताला कुबड्या छत्र्यांसारख्या टांगलेल्या, उजवीकडे कंबरेचे पट्टे, मधोमध एक चकचकीत व्हीलचेअर आणि मागे एका फळीवर नुसते गुडघ्यापासून खालचे रबरी पाय. दुकानदार तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारा गृहस्थ होता. त्याने निरनिराळे स्टेथोस्कोप काउंटरवर मांडले. आईने टेप काढला. (शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये टेप असतोच.) तिने माझ्या मानेपासून पोटापर्यंत माप घेतलं, प्रत्येक नळीला टेप लावला आणि सर्वांत लांब नळीचा स्टेथोस्कोप उचलून म्हणाली की हाच घ्या, अंग वाढतं आहे, पुढे आखूड व्हायला नको. मी एकोणीस वर्षांची आहे, मामा. माझं अंग आता फक्त आडवं वाढू शकतं, आणि त्यासाठी लांब नळीचा काय उपयोग ते आईलाच ठाऊक. एवढ्यात बाबा व्हीलचेअरमध्ये बसून दुकानदाराला ती अरुंद जागेत मागे कशी घ्यायची ते शिकवू लागले आणि शिकवता शिकवता कंबरेच्या पट्ट्यांचा आख्खा स्टँड घेऊन आडवे झाले. दुकानदाराची डावी भुवई तेव्हा जी वर गेली ती आम्ही बाहेर पडेपर्यंत खाली आली नाही.

शेवटी मी एक काळ्या नळीचा उचलला, कानांत घातला आणि बाबांच्या छातीला लावला. काही नाही. थोडा सरकवला. तरी काही नाही. माझा चेहरा पाहून आईने काळजीने विचारलं, "अहो, तुमचं चालू आहे ना?" बाबांनी चालू असल्याचं सांगितलं. दुकानदाराने पुढे होऊन माझ्या कानांतल्या दांड्या उलट होत्या त्या सुलट केल्या, चकतीची बाजू फिरवली आणि उजव्या भुवईने पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेस लांब कुठेतरी, दोन घरं सोडून तिसऱ्या घरी कोणीतरी गादी झटकत असल्यासारखं वाटलं. मी तसं सांगितलं आणि म्हटलं, हृदय असंच वाजत असणार, उगाच कवींनी बोभाटा केला आहे. आत्याला मात्र हे पटेना. तिने चकती स्वतःच्या तोंडापाशी धरली आणि एक्स्चेंजमधल्या जुन्या ताकदीने त्यात "हॅलो" म्हटलं. दुकानदाराने स्वतःचे कान झाकले. मी शांतपणे म्हटलं, "हं, बोल." त्या वेळी सगळ्यांनी माझ्या धीटपणाचं कौतुक केलं. कौतुकाआड काय दडलं होतं ते आमच्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांवर प्रयोग केले आणि सगळ्यांच्या छातीत तीच लांबची गादी. बाबा म्हणाले की माल सदोष आहे, बदलून आण. मी गेले. दुकानदाराने मुकाट्याने आत नेला आणि दुसऱ्या खोक्यातून आणून दिला. तोही तसाच. पुन्हा गेले, पुन्हा नवं खोकं. हा तिसरा हातात घेताच बाबा म्हणाले की याच्या नळीची जातच वेगळी आहे, पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. (सगळं निस्तरल्यावर मी दुकानदाराची माफी मागायला गेले, तेव्हा तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला. तिन्ही वेळा त्याने एकच स्टेथोस्कोप दिला होता, फक्त खोकं बदलून. त्याच्या अनुभवात नव्या डॉक्टरांच्या निम्म्या तक्रारी खोकं बदललं की जातात. हे बाबांना कळवू नये.)

मग आला प्रॅक्टिकलचा दिवस. दोघादोघांनी एकमेकांचे ठोके ऐकायचे होते. माझ्या जोडीला आमच्या वर्गातला सर्वांत उंच मुलगा आला. त्याला सगळे उंट म्हणतात, तोही हाकेला ओ देतो. सगळीकडे मुलं माना डोलावत होती, कोणी डोळे मिटून ऐकत होतं, एक मुलगी तर भारावून रडली. मी उंटाच्या छातीवर चकती लावून उभी होते आणि त्या गर्दीत मला ती लांबची गादीसुद्धा ऐकू येत नव्हती. मॅडम जवळ आल्या. त्यांनी विचारलं, ऐकू येतंय? मी होय म्हटलं. किती ठोके? मी पुस्तकात वाचलेला आकडा ठोकून दिला, बहात्तर. मॅडमनी स्वतः चकती लावून पाहिली. उंटाला उशीर झाल्यामुळे तो चार मजले पळत वर आला होता आणि त्याचं काळीज एक्स्प्रेस गाडीसारखं धडधडत होतं. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या हलकेच म्हणाल्या, "ऐकू आलं नाही, तर नाही म्हणावं. डॉक्टरने न ऐकता होय म्हटलं, तर पेशंट त्यावर विश्वास ठेवतो."

मामा, त्या दिवशी मी पायी घरी आले. दोन बसगाड्या समोरून गेल्या, पण चढावंसं वाटेना. माझी खात्री पटली की हे काम आपलं नाही. काहींना सूर कळत नाहीत, तसं मला काळीज कळत नाही. मी घरी जाहीर केलं की मी कॉलेज सोडते. आईने शिवणयंत्र थांबवलं. बाबांनी त्यांच्या शाळेतल्या एका गृहस्थाचं उदाहरण दिलं, जे सहा वेळा नापास झाले आणि आज उत्तम गाडी चालवतात. (ते सातव्यांदाही नापास झाले आणि आता ड्रायव्हर ठेवतात, हे मला माहीत होतं. पण बाबांचा चेहरा इतका उतरला होता की मी बोलले नाही.) खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्यामागून कोणी हाका मारल्या म्हणे. मला त्या ऐकू आल्या नाहीत आणि घरच्यांना वाटलं, मी फुगून बसले आहे.

सकाळी उठून पाहते तो आत्या माझा स्टेथोस्कोप कानांत घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेली. तिने बाबांची छाती ऐकली, आईची ऐकली, मला उभं करून माझी ऐकली आणि वर माझं पोट ऐकून मला भूक लागल्याचंही सांगितलं. मग एक्स्चेंजमध्ये तक्रार नोंदवून घेताना लावायची तसला आवाज लावून म्हणाली, "लाईन ठीक आहे. बिघाड ग्राहकाकडे आहे." तिच्या मते अतिअभ्यासाने माझी ऐकण्याची शक्ती डोळ्यांत उतरली होती आणि काही दिवस पुस्तकं बंद ठेवली की ती परत वर चढणार होती. निदान साफ चुकलं, पण त्यामुळे निदान माझ्या कानांकडे कोणाचं लक्ष तरी गेलं. बाबांनी त्याच गाडीत घालून मला आणि आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी उजव्या कानात पाहिलं आणि "अरे वा" म्हणाले. डाव्या कानात पाहून शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना बघायला बोलावलं. मामा, आपल्या कानात लोकांना बोलावून दाखवण्यासारखं काही असावं ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे. मळ होता. नुसता मळ. वर्षानुवर्षांचा, दगड झालेला. त्यांनी आधी थेंब घालून तो मऊ केला, मग कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि जे बाहेर आलं ते ट्रेमध्ये ठेवलं. बाबांनी ते मोठ्या आदराने पाहिलं. आईचा चेहरा मात्र पडला. ती डॉक्टरांना सांगू लागली की आमच्याकडे रोज कानाकोपऱ्यातून झाडलोट होते हो. डॉक्टर म्हणाले, कोपऱ्यातून होत असेल.

आणि मग आवाज आले. माझ्या चपलांना आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. जिन्यावर मागून कोणीतरी येतंय म्हणून मी वळून पाहिलं, तर माझीच ओढणी भिंतीला घासत होती. गाडीत बसल्यावर बाबांनी बरं वाटतंय का विचारलं, तेव्हा मी दचकून म्हटलं की बाबा, ओरडता कशाला? ते म्हणाले, आम्ही गेली कित्येक वर्षं तुझ्याशी असंच बोलतो. आम्हाला वाटायचं, तू विचारात असतेस. त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी आवाज खाली आणले. घर इतकं शांत झालं की शेजारच्या काकू काही वाईट घडलं का ते विचारायला आल्या.

त्या संध्याकाळी मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि पुन्हा चकती लावली. या वेळी गादी नव्हती. अगदी कानाशी, भरदार, एकापाठोपाठ एक, कोणी न शिकवता चाललेलं. मी बराच वेळ हललेच नाही. बाबांचा उजवा पाय सवयीने जमिनीवर ब्रेक दाबून बसला होता. त्यांनी विचारलं, "गाडी बरोबर चाललीय ना?" मी चाललीय म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं. मग आईने नंबर लावला, तिच्यामागे आत्याने, आणि काकू आल्याच होत्या म्हणून त्यांनीही.

कॉलेज सोडलेलं नाही. उंटाचे ठोके परवा बरोबर मोजले. मॅडमनी नुसती मान हलवली, पण ती आडवी नव्हती. मामीला नमस्कार.

तुमची आज्ञाधारक (आता दोन्ही कानांनी) भाची

ता. क. वरचं सगळं प्रस्तावना म्हणून वाचावं. खरं काम असं की गेल्या वेळी मी फोनवर तुमच्या गुडघ्याची चौकशी केली, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातला नळ बदलल्याचं सांगितलंत. त्याआधी मी मेडिकलला लागल्याचं कळवलं, तर म्हणालात की पावती जपून ठेव. हल्लीची माणसं पुटपुटतात, असं तुम्ही सर्वांना सांगता. मामा, माणसं पुटपुटत नाहीत. म्हणून हे पत्राने कळवते आहे. आमच्या डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे, मी स्वतः न्यायला येते. दुखत नाही. ट्रे बघायचा नसेल तर डोळे मिटावेत.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन आला, म्हणून हे कडेला लिहिते. तिला बेत सांगितला, तर ती म्हणाली, शनिवारची एवढी घाई नको. तुमच्या पाठीमागे उभं राहून मनातलं बोलायची तिला इतक्या वर्षांत सवय झाली आहे आणि ती मोडायला निदान महिना तरी लागेल. तेव्हा वेळ पुढच्या महिन्यातली घेतली आहे. तोवर तुम्ही चुकूनही मागे वळून पाहू नये.