कासियानची शिंगं

सँक्ट वेरेना, तिरोल
३ फेब्रुवारी १९७४

चि. रोझिना हिस आफ्राताईचे आशीर्वाद. वि. वि.

खोकं पोचलं. शिंगं धड आहेत. रानडुकराच्या मुंडक्याला मात्र कसर लागली आहे, एक कान माझ्या हातातच आला. जुन्या बाजारात घेताना डोळे कुठे ठेवले होतेस?

असो. लिलावातली माझी आणि ही तुझी मिळून भिंत भरली एकदाची. ही खानावळ विकताना मागचा मालक शिंगंच काय, खिळेसुद्धा उपटून घेऊन गेला. तेव्हापासून शिकारी लोक उघडी भिंत बघून दारातूनच मागे फिरतात, जसं काही माझ्या सूपमध्ये उंदीर पडला आहे. मार्चमध्ये गावात शिंगांचं प्रदर्शन आहे. त्यानंतरचं जेवण माझ्याकडे ठेवायचं का, ते भिंत बघून ठरवू, असं त्यांचा म्होरक्या वेंडेलिन म्हणाला. ते जेवण हातचं गेलं तर खानावळीला कुलूप लावून तुझ्याकडे भांडी घासायला येईन.

सगळी शिंगं कढत पाण्यात सोडा घालून खसाखसा घासली. कवट्या अशा पांढऱ्या निघाल्या की बघत राहावं. कपाळावर कोणी कोणी काळं खरडून ठेवलं होतं, तेही गेलं.

गुडघ्याला डुकराची चरबी चोळ. माया आहेच, ती ठेव.
तुझी, आफ्रा

हिंटरआउ
९ फेब्रुवारी

ती. ताईस रोझिनाचा सा. न. वि. वि.

ताई, काय केलंस हे! ते काळं म्हणजे शिकाऱ्याचं नाव आणि तारीख. नाव नसलेलं शिंग म्हणजे चोरून मारलेलं जनावर, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तुला वाचायचा कंटाळा, पण मला विचारायचं तरी!

आणि त्यात माझ्या शेजारच्या नोटबुर्गाच्या नवऱ्याची, कासियानची, शिंगं आहेत. कासियान गेल्यावर त्याच्या डोंगरावरच्या झोपडीतून पोतं आलं, ते तिने न उघडताच मला दिलं. आत एकच जोडी निघाली. बघवत नाही म्हणाली. अट एकच घातली, की नाव पुसायचं नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ती बसने तुझ्याकडे येते आहे. माझ्या गुडघ्यामुळे मी काही येत नाही. तू आपली कुठल्याही शिंगावर कासियानचं नाव घालून मोकळी हो. म्हातारीला काय कळणार?

रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी, रोझिना

सँक्ट वेरेना
१६ फेब्रुवारी

चि. रोझिनास आशीर्वाद.

खोटं मी लिहिणार नाही. केलं ते केलं, तिला दारातच सांगेन. मग रडू दे नाहीतर शिव्या देऊ दे.

वेंडेलिन येऊन भिंत बघून गेला. असल्या बेनामी शिंगांखाली माणसं घास गिळणार नाहीत म्हणाला. मी सोड्याचं सांगितलं तर हसून हसून बाकावरून पडायचा राहिला. शेवटी असं ठरलं, की प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांनी यायचं, ज्याला जे ओळखू येईल त्यावर त्याने नाव घालायचं. नावं लागली तर जेवण, नाहीतर राम राम.

चरबी चोळतेस का नुसती उशाला ठेवतेस?
आफ्रा

सँक्ट वेरेना
११ मार्च

चि. रोझिनास आशीर्वाद वि. वि.

जेवण झालं. भांडी अजून पडली आहेत, पण आधी हे लिहिते.

नोटबुर्गा आली. दारातच सगळं सांगितलं. रडली नाही, शिव्याही नाहीत. कासियान सांगायचा तसं एखादं आहे का बघते म्हणाली, आणि काठी टेकत भिंतीपाशी गेली. शेवटी बारा टोकांच्या जोडीखाली थांबली. हेच ते, डावं शिंग पुढे झुकलेलं, असंच तो सांगायचा, असं म्हणाली.

रोझिना, ती जोडी मी इन्सब्रुकच्या लिलावात घेतली. फळीच्या मागे कुणा सरदाराचा शिक्का आहे. माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, आयुष्यभर मी त्याला तोंडावर फेकाड्या म्हटलं, आणि माणूस खरं बोलत होता. मग मी जीभ चावली, शाई आणून दिली. नाव तिने स्वतः घातलं.

शिकारी मान वर करून ते नाव बघत होते. कासियानच्या शिकारीवर हसण्यात यांचीच हयात गेलेली. मग वेंडेलिनने टोपी काढली. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो, बर्फ गुडघाभर होतं, असं सांगून टाकलं. त्यावर दुसरा म्हणाला, खाली ओढून आणायला मी होतो. बिअरचा दुसरा पिंप फुटेपर्यंत ते हरीण पाच जणांनी ओढून आणलेलं होतं! नोटबुर्गा ताठ बसून एकेकाचं ऐकत होती. दोन डंपलिंग खाल्ली, तिसरं मागून घेतलं.

बाकीच्या शिंगांवरही नावं पडली. भांडणं झाली, पण पडली. पुढच्या वर्षीचं जेवणही इथेच ठरलं. एक सहा टोकांची बारकी जोडी तेवढी उरली, तिला कोणीच आपलं म्हटलं नाही. ती मी माझ्या खोलीत, पलंगावर टांगली आहे. पोतं तूच उघडलंस, तेव्हा येशील तेव्हा तुला ओळखू येईल. ओळखलीस तरी तोंड उघडायचं नाही, सांगून ठेवते.

आता भांड्यांकडे वळते. माया पातळ करू नकोस.
तुझी ताई, आफ्रा