गरम भरलेला डबा

प्रिय आई,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. गोदामात दिवसभर धान्याची ओल मोजते. बुरशीचा वास मलाच आधी येतो, म्हणून मुकादमबाई मला ‘नाकवाली’ म्हणतात. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू बरोबर दिलेला भाजलेल्या पिठाचा डबा काल उघडला आणि टाकून दिला. रागावू नकोस. गरमच भरलंस, डब्याला आतून घाम सुटला, बुरशी धरली. वरचं काढून भागत नाही, विष खालपर्यंत उतरलेलं असतं. पावाचा बुरशीचा कोपरा काढून उरलेला तू खातेस, तेही आता बंद.

पुढच्या वेळी आदल्या दिवशीच भाजून गार कर. मी निघताना भाजत बसलीस आणि शेगडीच्या धुरानं डोळ्यांत पाणी येतंय म्हणालीस. आई, आपली शेगडी गॅसची आहे.

तुझी
नाकवाली