ह्यांचं पडणं

शुक्रवार, १० नोव्हेंबर १९७२

आला एकदाचा ह्यांचा पिक्चर! बर्डीच्या बाजारातल्या ज्या टॉकीजमध्ये मी संध्याकाळच्या पाळीला बायकांच्या दारावर तिकिटं फाडते, तिथंच. जन्मभर जलशात सोंगं काढली, आणि पिक्चरमध्ये काम मिळालं ते एवढंसं — हॉटेलातला वेटर होऊन हातातल्या ट्रेसकट जिन्यावरून गडगडायचं. शूटिंगहून आले ते ताप घेऊनच. स्वतःला पडद्यावर न बघताच गेले.

आज अंधारात दाराशी उभी राहिले. पडले! निपचित. मग एक डोळा उघडून उठले. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. अख्खी टॉकीज हसली.

शनिवार

हे म्हणायचे — "पडण्यात हसू नसते वं. लोकायले वाटलं पाहिजे, गेला बिचारा. मंग उठायचं. हसू तिथं हाय." खरंच आहे. पण आज जरा जास्तच वेळ पडून होते.

रविवार

शेजारच्या रुखमाबाईला सोबत नेलं. "दिसले ना?" विचारलं. तिनं नुसता माझा हात दाबला. परत येताना घरापर्यंत सोडला नाही.

मंगळवार

रोज जास्त वेळ पडून राहतात! पिक्चर काय रबर आहे ताणायला? पिक्चर दाखवायच्या मशीनवरच्या देवरावांना विचारलं. खाली बघत म्हणाले, "काहून इचार करून राहिल्या वहिनी? पाहा ना आरामात."

लोक हसतातच. मला मात्र आता भीती वाटते. नाहीच उठले तर?

गुरुवार

शेवटचा खेळ. किती वेळ पडून होते! पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मनात म्हटलं — उठा हो, पुरे झालं सोंग.

उठले. आणि थेट बायकांच्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे! मी हसले. मागोमाग सगळे.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

पिक्चर उतरला. देवराव घरी आले. जयभीम करून उंबऱ्यातच उभे. "वहिनी, तो जिन्याचा तुकडा पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाले मशीनमधी अडकून जळला. तुमाले सांगायची हिंमत नाही झाली. संध्याकाळी तो सीन कधी लागलाच नाही. तुम्ही अंधारात हसत, अन् पब्लिक तुमचं आयकून हसे."

देवराव गेले. काल हे उठले ते दाराकडेच बघत. मी दार लावलेलं नाही.