चिठ्ठीवरची उलटी खूण

दुकान,
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझं जेवणखाण, सकाळचं फिरणं आणि ताईच्या जिन्याबद्दलची तुझी कुरकुर, सगळी खबर ताई फोनवर देते. तू स्वतः फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र. अक्षरं मोठी काढली आहेत. एकच विनंती: हे ताईकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे, पण स्वतः वाच.

आधी बातम्या सांगते. त्या चांगल्या आहेत आणि मला दम धरवत नाही.

दुकान बंद करायचं नाही! जाताना तू म्हणालास, "आता शटर ओढ आणि मोकळी हो." ओढलं नाही. काल शहरातल्या अडतीस शाळांचं मिळून एकच काम आपल्याला मिळालं. प्रत्येक शाळेचे सहा शिक्के, प्रत्येकावर वेगळं नाव. मोठ्या छापखान्याने पण मागितलं होतं, पण मिळालं आपल्याला. पत्र हातात आलं तेव्हा मी दुकानातच दोनदा मोठ्याने वाचलं. शेजारचा किल्लीवाला धावत आला, त्याला वाटलं भांडण चाललंय.

हे सगळं त्या एका शिक्क्यामुळे झालं. तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते; डायरी लिहिणाऱ्या माणसाची खोड.

जुलैत तिसरीच्या बाईंनी वह्यांसाठी "तपासले, वर्गशिक्षिका" असा शिक्का मागितला. आपण दिला "तापले, वर्गशिक्षिका". बाईंनी चष्मा न लावता बेचाळीस वह्यांवर तो मारला. रात्रीपर्यंत पालकांच्या फोनवर फोटो फिरला, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचं प्रत्येक पोरगं दुकानासमोर ओरडून जाऊ लागलं, "बाई तापले!" व्याकरणासकट चूक.

तू म्हणालास, "गप्प बस. आठवड्यात विसरतील लोक." मी पाटी लिहिली आणि दारावर लावली:

"बाई तापल्या नव्हत्या. आम्ही तपासलं नव्हतं. चूक आमची. नवा शिक्का आणि बेचाळीस कोऱ्या वह्या आमच्याकडून."

"आपण शिक्के करतो, तमाशा नाही," एवढं म्हणून तू तिसऱ्या दिवशी ताईकडे गेलास. त्यानंतरचं तुला माहीत नाही.

बाई आल्या. मी हात जोडून म्हटलं, "हा नवा घ्या आणि तो जुना परत द्या." तर म्हणाल्या, "परत? मुळीच नाही! गृहपाठ केला नाही त्याच्या वहीवर तोच मारते. पोरं कशी सुतासारखी सरळ झालीत!" मग चौथीच्या बाईंनी "तापले" मागितला. मग एका वकिलाच्या बायकोने नवऱ्याच्या टेबलासाठी. किल्लीवाला म्हणतो, "माझ्या किल्ल्या इतकी वर्षं चुकीच्या कुलपांना लागतायत, मला कुणी विचारत नाही. तुमची एक वेलांटी-मात्रा हलली की गावभर नाव." मी म्हटलं, वेलांटी नव्हे, काना हलला आणि स गळला. तर म्हणे, "बघा, म्हणूनच तुम्ही मागे राहिलात."

पेपरातली एक मुलगी आली आणि पाटीचा फोटो छापला. बाईंनी त्यांचा वर्ग दुकानात आणला. आरशात अक्षर कसं दिसतं ते मी मुलांना दाखवलं आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव उमटवून दिलं. एकाने ते कपाळावर उमटवून घेतलं आणि तसाच घरी गेला. त्याची आई संध्याकाळी आली. मला वाटलं, आता ही तापणार. ती म्हणाली, "मी बारा वर्षं इथून जाते. मला वाटायचं इथे टायपिंग करतात."

बारा वर्षं, दादा! त्या रात्री मी वहीत लिहिलं: बाबा म्हणायचे, आपलं काम बोलतं. बोलतं हे खरं, पण फार हळू बोलतं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला ऐकू जात नाही. कुणीतरी दारात उभं राहून मोठ्याने बोलावं लागतं, आणि जे बोलावं ते खरं असावं लागतं.

आणि इथेच माझी गाडी अडली आहे.

येत्या शनिवारी व्यापारी संघाने मला भाषणाला बोलावलंय. विषय, "लहान धंदा आणि जनसंपर्क". मी! दोनशे दुकानदारांसमोर! चार दिवस भाषण लिहायला बसते. पहिलं वाक्य झालं आहे: "चूक झाली तर लगेच, स्वतःहून, स्पष्ट सांगा." दुसरं वाक्य होत नाही.

पेपरातल्या मुलीने मला विचारलं होतं, "पण चूक नक्की केली कुणी?" मी सांगितलं, "दुकानाची चूक." हे तिला इतकं आवडलं की मथळाच तो केला. लोकांनी कौतुक केलं, कुणाचं नाव न घेता सगळं अंगावर घेतलं म्हणून. दुकानाला कुठे हात असतात, दादा? दुकानात माणसं दोनच. एक तू, एक मी.

बाबांनी लावून दिलेली पद्धत आहे. मी कागदावरचा मजकूर सरळ वाचायचा आणि त्या कामाच्या चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची. तू रबरावरचा उलटा वाचायचा आणि शेजारी तीच खूण उलटी करायची. दोन खुणा झाल्याशिवाय रबराला मूठ लागत नाही. त्या दिवशी तू चष्म्याच्या दुकानात गेला होतास. बाई समोर बसल्या होत्या, त्यांना शाळेची घंटा गाठायची होती. फोन कानाला लावून मी तो शब्द टाइप केला, वाचला असं समजले, माझी खूण केली.

मग तुझी केली.

तुझी उलटी खूण मी लहानपणापासून हुबेहूब काढते, तुला चिडवायला. रबर मी उलटं वाचलंच नाही. मूठ लावली आणि बाईंच्या हातात दिलं. तू आल्यावर दुपारभर चौदा शिक्के वाचलेस आणि चौदाही बरोबर होते. पंधरावा तू पाहिलादेखील नाहीस. "तपासले" हा शब्द या दुकानात कुणीच तपासला नाही, आणि न तपासणारी मी होते.

बोभाटा झाल्यावर तू ती चिठ्ठी तारेवरून काढलीस, दिव्याखाली धरलीस. म्हणालास, "खूण माझीच आहे. म्हणजे मी वाचलं आणि मला दिसलं नाही." नवा चष्मा काढून टेबलावर ठेवलास. मी तेव्हा दारावर पाटी चिकटवत होते. "चूक आमची." माझ्या हाताला खळ लागली होती. "आमची"चं "माझी" करायला दोन अक्षरं पुरली असती.

का बोलले नाही, हे मी चार महिने वहीत लिहून पाहते आहे. भीती वाटली, हे आहेच. पण एक आणखी वाईट कारण आहे. तू असतास तर पाटी काढायला लावली असतीस. तू गेलास आणि पाटी राहिली. नंतर कौतुक सुरू झालं, आणि ते मला आवडलं.

ताई सांगते, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, आणि तू म्हणतोस त्यांना कळत नाही. त्यांना कळतं, दादा. तुझे डोळे धडधाकट आहेत. त्या दिवशीही होते. म्हणून इथून पुढे मी माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिते आहे. तुला वाचता येतं.

शनिवारी हे सगळं व्यासपीठावरून सांगणार आहे, माझी चूक म्हणून. ठरलं, आणि ठरल्यापासून भाषण भराभर लिहून होतंय! पण आधी तुला सांगायचं होतं. गावाला सांगून मग भावाला कळवायचं, असला जनसंपर्क मला करायचा नाही. माफी मागते. तू रागावशील ते कमीच असेल. हवा तेवढा तापून घे, आपल्याकडे त्याचा शिक्का आहे.

पण मग ये. दोनशे अठ्ठावीस रबरं उलटी वाचायची आहेत. सगळ्या शाळांना मी कळवलंय की प्रत्येक शिक्का दोघांनी वाचलेला असेल. तुझ्या खुर्चीवर पार्सलं ठेवायचे, ती आज उचलली. टेबलावरच राहिलेला तुझा चष्मा फडक्यात गुंडाळून ताईच्या नावाने वेगळा पाठवला आहे.

या पाकिटात पहिल्या शाळेचं रबर आहे, मूठ न लावलेलं, आणि त्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन्ही जागा कोऱ्या आहेत, कारण रबरात एक चूक आहे. मला ती कागदावर सरळ वाचतानाच सापडली आणि मी तशीच ठेवली. कुठे आहे ते सांगणार नाही. खिडकीशी जा, उजेडात धर, उलटं वाच. सापडली की चिठ्ठीवर लिही आणि टपालात टाकू नकोस, घेऊन ये.

तोवर,

एकाच बाजूने वाचलेली,
तुझी धाकटी