बॅगेला टाचलेली चिठ्ठी

ती. आक्का,

नमस्कार. वाकून करायला गेलो तर कंबर परत सरळ होईपर्यंत कुरियरवाला निघून जाईल, म्हणून बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच चार गोष्टी सुनावून येतेस? (दुसरंच असणार. मला गोवर आला होता तेव्हा डॉक्टरांच्या हातातलं थर्मामीटर काढून घेऊन तू ते ‘नीट’ लावून दिलं होतंस. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस.) भाऊजी आता न थांबता जिना चढतात असं भाचीकडून कळलं. फार बरं वाटलं. आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा रक्तदाब माझ्यासारखाच आहे, कुणी विचारलं की वाढतो.

पत्रास कारण असं की मला आज तुझ्या भावजयीचं कौतुक करायचं आहे. हे वाक्य वाचून तू पत्र खाली ठेवलंस, ते मला इथून दिसलं. उचल. हवं तर चहा घे, पण उचल.

आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. (आमचं म्हणजे हिचं. मी निवृत्तीनंतर तिथे स्टूल अडवून बसतो.) एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, मधे आम्ही, आणि आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. बावीस वर्षं ही त्या मशीनवर बसली आहे. पण हल्ली बॅगेचं चाक निखळलं की लोक चाक दुरुस्त करत नाहीत, बॅगच टाकून देतात. त्यात समोर बॅगांचं मोठं शोरूम झालं. गेल्या महिन्यात तिथला मॅनेजर स्वतः रस्ता ओलांडून आला आणि हिला नोकरी देऊ केली. काउंटरमागे उभं राहायचं, डोक्यावर एसी, अंगात निळा कोट, आणि दुरुस्तीला बॅग घेऊन कुणी आलं की हसून नवीन बॅग दाखवायची. हिने विचार करून सांगते म्हटलं. तो गेल्यावर तिने एकच शिवण तीनदा उसवून तीनदा घातली. आक्का, दुकान गेलं तर उपाशी कुणी मरणार नव्हतं, पण त्या निळ्या कोटात ही कशी दिसेल ते मला बघवणार नव्हतं.

अशा वेळी तुझ्या लेकीने फोनवर सल्ला दिला. मामा, म्हणाली, हल्ली दुकानाला ब्लॉग लागतो. लोकांशी रोज बोलायचं, म्हणजे लोक आपलेसे होतात. फक्त आपला स्वतःचा आवाज सापडला पाहिजे. मी म्हटलं, पोरी, तुझ्या मामाने एकतीस वर्षं अभिलेख विभागात मसुदे लिहिले आहेत, साहेब बदलले पण मसुदे बदलले नाहीत, आवाज कसला शोधायचा? त्याच दुपारी पहिला लेख बसवला. मथळा, ‘पिशवी : उगम, विकास आणि उपयुक्तता’. सुरुवात, ‘उपरोक्त विषयास अनुसरून वाचकांस कळविण्यात येते की’. वाचक चार आले. एक मी, दुसरी तुझी लेक, तिसरा मीच पण फोनवरून, आणि चौथा एक गृहस्थ, ज्यांना आमच्या घरी पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवायचं होतं.

मी हिंमत हरलो नाही. भाचीने कळवलं की भाषा जरा तरुण ठेवा, म्हणून पुढच्या लेखात दर परिच्छेदाला ‘मित्रांनो!’ घातलं. मग कळलं की लोकांना भावना लागतात, म्हणून एका सूटकेसचं आत्मवृत्त लिहिलं. त्यात शेवटी सूटकेस फलाटावर प्राण सोडते. लिहिताना माझे डोळे भरून आले. हिला वाचायला दिलं. तिने कात्री हातात ठेवूनच वाचलं आणि विचारलं, “ही मेली कशाने?” मी म्हटलं, चाक तुटल्याने. ती म्हणाली, “चाक तर मी दहा मिनिटांत बसवते,” आणि मशीन सुरू केलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. (तिच्या लक्षात आलं नाही, हा वेगळा अपमान.)

आता इथे तुला हिच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. तुला ती ठाऊक आहे, आणि फार चांगली ठाऊक आहे, पण जरा धीर धर. काम करताना हिच्या दातात दोरा असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं शून्य. जे सांगायचं ते ती चिठ्ठीवर लिहिते. बॅग तयार झाली की आधी तिचे सगळे खिसे तपासते, अगदी अस्तरामागचा चोरखिसासुद्धा. (आजवर सापडलेल्या वस्तू : दोन अंगठ्या, एक कवळी, एक न दिलेला राजीनामा.) सापडेल ते पाकिटात घालून ठेवते, आणि मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन-तीन ओळी खरडून टाचणीने बॅगेला लावते. बावीस वर्षं मी त्या चिठ्ठ्या बघत होतो. एकही धड वाचली नव्हती. जावक क्रमांक नाही, विषय नाही, संदर्भ नाही, अशा मजकुराला मी लेखन मानतच नव्हतो.

चौथा लेख होता ‘दुरुस्ती : काल, आज आणि उद्या’. एकूण बावीसशे शब्द. सोबत फोटो हवा म्हणून दुकानातल्या खुंट्यांवर तयार होऊन लटकणाऱ्या बॅगांचा एक फोटो काढून चिकटवला आणि झोपाळ्यावर जाऊन पडलो. उठून बघतो तो दीडशे प्रतिक्रिया! तुमचं लेखन थेट काळजाला भिडलं. किती दिवसांनी खरं काही वाचलं. आक्का, मी त्या दिवशी चष्मेवाल्याकडे तीनदा काहीही काम नसताना जाऊन आलो. वाचकांना उत्तरंही दिली, की या शैलीमागे एकतीस वर्षांची साधना आहे वगैरे. एकाने लिहिलं, तुम्ही फार मोजकं लिहिता. मी जरा चमकलो, पण म्हटलं, असतात काही लोक दीर्घ वाचनाचे. मग एका बाईंनी लिहिलं की डॉक्टरांच्या बॅगेबद्दल वाचून रडू आवरलं नाही. आता माझ्या लेखात डॉक्टर नव्हते. मी ‘काल’मध्ये शोधलं, ‘आज’मध्ये शोधलं, ‘उद्या’ही पालथा घातला. शेवटी फोटो मोठा करून पाहिला.

खुंटीवरच्या काळ्या बॅगेला टाचलेली चिठ्ठी स्वच्छ वाचता येत होती. ‘डॉक्टर, अस्तर दुसऱ्यांदा शिवलं. आतल्या खिशात तुम्ही चॉकलेटं कोंबता म्हणून ते फाटतं. ती लहान पेशंटसाठी असतात हे कळतं. खिसा मोठा करून दिला आहे.’ शेजारच्या ऑफिसबॅगेवर : ‘चेन ठीक होती. तुम्ही घाईत असता. रोज दहा मिनिटं आधी निघा, चेन दहा वर्षं टिकेल.’ आणि त्या पलीकडच्या शाळेच्या दप्तरावर : ‘पट्टा घट्ट केला. दप्तर जड आहे हे खरं आहे. आईला चिठ्ठी दाखव.’ दीडशे माणसं यावर बोलत होती. माझ्या बावीसशे शब्दांवर एकच प्रतिक्रिया होती, पाण्याच्या यंत्रवाल्यांची.

माझं तोंड पार उतरलं. खोटं कशाला बोलू? कानशिलं गरम झाली. वाचकांना दिलेली ती साधनेची उत्तरं एकेक करून पुसली. मग स्टुलावर बसून हिच्याकडे बघत राहिलो. दातात दोरा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि समोर कुणाची तरी उसवलेली बॅग. ही बाई बॅग उलटी करून माणूस वाचते, आणि जे वाचलं तेवढंच लिहिते. एक अक्षर शोभेसाठी नाही. मी एकतीस वर्षं लिहिलं, पण समोरच्या माणसाला बघून एक ओळ लिहिली नाही. आपल्याच घरात असं माणूस आहे आणि आपण बावीस वर्षं तिला विरामचिन्हं शिकवत होतो, याची मला लाज वाटली आणि अभिमानाने छातीही भरून आली. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “फोटोत येणार होतं तर अक्षर नीट काढलं असतं.”

त्यानंतर मी लेख बंद केले आणि रोज फक्त चिठ्ठ्यांचे फोटो टाकू लागलो. दुकानापुढे माणसं उभी राहायला लागली. टाकून द्यायला काढलेल्या बॅगा लोकांनी माळ्यावरून खाली आणल्या. एक गृहस्थ तर नवीकोरी बॅग घेऊन आले. त्यांना दुरुस्ती नको होती, नुसती चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी मिळाली : ‘बॅग धडधाकट आहे. घरी जा.’ ते नाचत गेले. शोरूमचा मॅनेजरही एकदा स्वतःच्या दुकानातली बॅग कागदात गुंडाळून घेऊन आला. त्याला हिने लिहिलं, ‘चेन बदलली. दोष तुमच्या हाताचा नाही. कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे.’ त्याने ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, “नोकरीचं मात्र अजून खुलं आहे हं, ताई.” ही हसली. आक्का, किती महिन्यांनी हसली!

तर असं सगळं छान चाललं आहे. भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा

ता. क. मागे तू माझ्याकडे विसरलेली छत्री सापडली आहे. एक काडी वाकडी आहे, पण ती आधीपासूनच होती.

ता. क. दुसरा. ‘छान चाललं आहे’ हे वाक्य मघाशी हातून लिहिलं गेलं, ते तितकंसं बरोबर नाही. तीन वर्षांपूर्वी भाऊजींच्या हॉस्पिटलच्या धावपळीत तुझी तपकिरी बॅग तुटली होती आणि हिने ती दुरुस्त करून पाठवली होती, ते तू विसरली नसशील. तू ती चिठ्ठीसकट परत पाठवलीस, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. ती बॅग आमच्या सगळ्यात वरच्या खुंटीवर तशीच होती. अकरा दिवसांपूर्वी फोटो काढताना मी मान जरा वर केली, आणि तिची चिठ्ठीही ब्लॉगवर गेली. ‘आक्का, हँडल बदललं. जुनं वजनाने तुटलेलं नाही, हिसक्याने तुटलं आहे. बॅग उचलताना राग खाली ठेवावा.’ हे हजारो लोकांनी वाचलं. लोक पोट धरून हसले, आणि ही रागीट आक्का कोण, अशी विचारणा झाली. हिने त्या प्रतिक्रिया शेवटपर्यंत वाचल्या. फोटो ब्लॉगवरून काढून टाकायला लावला, कॅलेंडरचे कागद खणात टाकले, खण लावून घेतला. तेव्हापासून एक चिठ्ठी नाही. लोक बॅग घेतात, उलटीसुलटी करून बघतात आणि हिरमुसून जातात. काल हिने मॅनेजरला सांगितलं, सोमवारी पक्कं कळवते.

ता. क. तिसरा. म्हणजे खरं पत्र इथून सुरू होतं. आक्का, चूक माझी आहे, फोटो मी काढला. तुला रागवायचं असेल तर मला रागव. पण शनिवारपर्यंत हिला दोन ओळी लिही. गोड लिहायची गरज नाही, भांडलीस तरी चालेल. तू तोंडावर भांडलेली हिला सोसेल, तुझं गप्प बसणं सोसत नाही. वरचं कौतुक खरं आहे, पण ते तुझं मन वळवण्यासाठी जरा लांबवलं, हेही कबूल करतो. मी लिहिलं आहे हे हिला अजिबात कळता कामा नये. तुझी तपकिरी बॅग आज कुरियरने तुझ्याकडे निघते आहे, आणि ती हीच पॅक करणार आहे, म्हणून पत्र मी अस्तरामागच्या चोरखिशात सरकवून ठेवतो. तिथे कुणाचा हात जात नाही.

(शेवटच्या पानाला टाचणीने लावलेली चिठ्ठी)

आक्का,

खिसे मी बघते हे यांनी स्वतःच लिहिलं आहे आणि पत्र खिशातच ठेवलं आहे. यांना सांभाळून घ्या.

तुमचं जुनं हँडल मी टाकलं नव्हतं. आज पुन्हा नीट बघितलं. हिसका म्हटलं होतं ती माझी चूक. वजनच होतं. दोन महिने, हॉस्पिटलचे तीन मजले, एकटीने. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही.

सोमवारी मी माझ्याच दुकानात आहे. बॅगेला आता दोन हँडलं लावली आहेत. दुसरं मी धरेन.